सरळ रेघ न येणारा वास्तुशिल्पी

वास्तुशास्त्र शिकणाऱ्या मुलाला कागदावर सरळ रेघ ओढता येत नसेल तर त्याने काय करावे? आपल्याकडे वडीलधारी माणसे त्याला समजावून सांगतील की बाबा रे, हा तुझा रस्ता नव्हे, वेळीच दुसरे काही बघ. १९०७ साली बर्लिनमध्ये शिकणाऱ्या वॉल्टर ग्रोपियस या चोवीस वर्षांच्या तरुणापुढे नेमका हाच प्रश्न उभा होता. पेन्सिल हातात धरली की थोड्याच वेळात त्याच्या हातात पेटके येत, शिसाची टोके मोडत आणि साधीशी आकृतीही कागदावर उतरत नसे. आईला लिहिलेल्या एका पत्रात त्याने आपले हे दुःख मोकळे केले आणि पुढे आपले कसे होणार याची काळजीही बोलून दाखवली. पदवी न घेताच त्याने शिक्षण सोडले.

हाच तरुण पुढे विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी वास्तुशिल्पींमध्ये गणला गेला. त्याचा हात काही सुधारला नाही. आपल्या मनातले दुसऱ्याच्या हातून कागदावर उतरवून घेण्याची सवय त्याला आयुष्यभर ठेवावी लागली. पण त्या उणिवेतूनच त्याला एक गोष्ट इतरांच्या आधी उमगली. एकट्या माणसाच्या हातून इमारत होत नसते. मग अनेकांनी मिळून काम करायचे तर ते कसे करायचे, त्याची घडी कशी बसवायची आणि झालेल्या कामावर नाव कोणाचे लावायचे, या प्रश्नांशी तो जन्मभर झगडला. त्यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला चांगली सापडली. तिसऱ्याने मात्र त्याला अखेरपर्यंत छळले.

ग्रोपियसचा जन्म १८ मे १८८३ रोजी बर्लिनमध्ये झाला. घराण्यात वास्तुकला होतीच. त्याचे चुलत आजोबा मार्टिन ग्रोपियस हे बर्लिनमधले नावाजलेले वास्तुशिल्पी होते. शिक्षण अर्धवट सोडलेल्या वॉल्टरला १९०८ मध्ये पेटर बेरेन्स यांच्या कचेरीत काम मिळाले. बेरेन्स तेव्हा एईजी या विजेची उपकरणे बनवणाऱ्या बड्या कंपनीचे कारखाने, दिवे, किटल्या, जाहिराती असे सगळेच घडवीत होते. मीस व्हान डेर रोहे आणि ल कॉर्बुझिए हे दोघे पुढचे दिग्गजही त्या काळात याच कचेरीत उमेदवारी करून गेले. कारखान्याच्या इमारतीपासून दिव्याच्या बटणापर्यंत सगळ्याला एकच दृष्टी लागते, हे ग्रोपियस तिथे शिकला. आणि एवढ्या गुणी माणसांच्या कामावर बाहेर एकाच धन्याचे नाव जाते, हेही त्याने तिथेच पाहिले.

१९१० मध्ये त्याने स्वतःची कचेरी काढली आणि बेरेन्सकडचाच एक सहकारी, आडोल्फ मायर, बरोबर घेतला. दुसऱ्याच वर्षी आल्फेल्ड गावात बुटांचे लाकडी साचे बनवणाऱ्या फागुस कारखान्याचे काम या दोघांना मिळाले. आतली मांडणी आधीच दुसऱ्या वास्तुशिल्पीने ठरवलेली होती. यांनी फक्त बाहेरचे रूप सुधारायचे होते. त्यांनी भिंतींच्या जागी काचेचे उंच पडदे लावले आणि इमारतीच्या कोपऱ्यातला जाड खांबच काढून टाकला. दोन काचा कोपऱ्यावर एकमेकींना भिडल्या आणि आधुनिक वास्तुकलेचे एक दार उघडले. २०११ साली युनेस्कोने या कारखान्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आज जाणकार ही वास्तू ग्रोपियस आणि मायर अशा दोघांच्या नावावर मांडतात, पण सर्वसामान्यांच्या तोंडी नाव राहिले ते एकट्या ग्रोपियसचे. मायर अबोल होता. पंधरा वर्षे तो ग्रोपियसच्या मागे सावलीसारखा उभा राहिला आणि १९२९ मध्ये समुद्रात बुडून गेला. ग्रोपियसच्या मनातले कागदावर उतरवणाऱ्या या माणसाचा वाटा नेमका किती होता, याचा हिशेब अभ्यासक अजूनही मांडत आहेत.

मग पहिले महायुद्ध आले. ग्रोपियस पश्चिम आघाडीवर लढला, जखमी झाला. एकदा तर कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्याखाली गाडला जाऊन जिवंत बाहेर आला. युद्धातून परतला तो एक वेगळाच माणूस. ज्या यंत्रयुगावर त्याचा विश्वास होता, त्याच यंत्रांनी लाखो माणसे मारलेली त्याने डोळ्यांनी पाहिली होती. आता सगळे नव्याने उभारायचे, आणि तेही एकट्याने नव्हे तर मिळून, हे त्याच्या मनाने घेतले.

१९१९ च्या एप्रिलमध्ये वायमार शहरातली कला अकादमी आणि बंद पडलेली कला-कारागिरीची शाळा एकत्र करून त्याच्या हाती देण्यात आली. त्याने या संस्थेला नाव दिले बाऊहाउस, म्हणजे बांधणीचे घर. जाहीरनाम्याच्या मुखपृष्ठावर लायोनेल फायनिंगर या चित्रकाराने काष्ठठशात एक उंच कॅथीड्रल कोरले होते. मध्ययुगात अशी देवळे पाथरवट, सुतार, काचकाम करणारे आणि चित्रकार एका छपराखाली राहून पिढ्यान्‌पिढ्या बांधत असत. वेरूळचे कैलास लेणे कोणी कोरले हे आपण सांगू शकत नाही, तसेच त्यांचेही. ग्रोपियसला तो एकोपा परत हवा होता.

पण एकोपा हवा म्हणून एकोपा होत नाही. कोणत्याही कचेरीच्या भिंतीवर सहकार्याची सुभाषिते लावलेली असतात आणि त्याच भिंतीखाली माणसे एकमेकांपासून कागद लपवीत असतात. ग्रोपियसचे मोठेपण असे की त्याने उपदेशावर विसंबण्याऐवजी रोजच्या कामाच्या रीतीच बदलल्या.

पहिली रीत पदव्यांची. बाऊहाउसमध्ये प्राध्यापक आणि विद्यार्थी हे शब्दच काढून टाकले. तिथे कारागिरांच्या जुन्या श्रेणीप्रमाणे उस्ताद, कसबी आणि उमेदवार असत. दुसरी रीत प्रवेशाची. कोणीही आला तरी त्याला आधी सहा महिन्यांचा पायाभूत वर्ग करावा लागे. त्यात लाकूड, लोखंड, काच, कापड, कागद हाताळायचे, त्यांचे स्वभाव ओळखायचे. त्यामुळे पुढे सुतारशाळेत गेलेला आणि मागावर बसलेली दोघेही एकमेकांची भाषा जाणत. तिसरी रीत सर्वांत धाडसाची. प्रत्येक कार्यशाळेला दोन उस्ताद नेमले, एक कलावंत आणि एक कसलेला कारागीर. चित्रकाराने रूप शिकवायचे आणि कारागिराने हात. पाउल क्ले, वासिली कँडिन्स्की, ओस्कर श्लेमर अशा नामवंतांना असे कारागिरांच्या शेजारी आणून उभे केले गेले.

कागदावर ही जोडी सुंदर दिसे. प्रत्यक्षात कुरबुरी फार. निर्णय घेणाऱ्या उस्तादांच्या मंडळात कारागीर उस्तादांना कलावंतांइतका मताचा हक्क नव्हता, आणि ही असमानता त्यांना डाचत असे. समानतेची भाषा करणाऱ्या संस्थेत मताची किंमत मात्र वेगवेगळी, हा प्रकार आपल्यालाही अपरिचित नाही.

या रीतींना जोड होती ती एकत्र जगण्याची. युद्धानंतरचा जर्मनी भुकेला होता, मुले फाटक्या कपड्यांत येत. शाळेच्या खानावळीसाठी जमीन मिळवून भाजीपाला पिकवला गेला. वर्षात चार मोठे सण ठरलेले असत. कंदिलांचा, उन्हाळ्याच्या मध्याचा, पतंगांचा आणि नाताळचा. कंदील आणि पतंग सगळ्यांनी मिळून करायचे, मग मिरवणूक. बाहेरच्यांना हा पोरखेळ वाटे. पण गणपतीची आरास रात्र रात्र जागून करणाऱ्या मंडळाला तो वाटणार नाही. बरोबर जागलेली माणसे दुसऱ्या दिवशी बरोबर काम करू शकतात.

या घडीची पहिली परीक्षा १९२० मध्ये झाली. आडोल्फ झोमरफेल्ड या लाकडाच्या व्यापाऱ्याने बर्लिनमध्ये आपले घर बांधायचे काम ग्रोपियस आणि मायर यांना दिले. युद्धानंतर मोडीत काढलेल्या जहाजाचे सागवान त्याच्याकडे होते. घराचा आराखडा कचेरीने केला, जिन्याचे आणि दारांचे कोरीवकाम योस्ट श्मिट या विद्यार्थ्याने, रंगीत काचेची खिडकी योझेफ आल्बर्सने, खुर्च्या मार्सेल ब्रॉयरने. घर दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले. पण त्या घरावर हात बसलेली ही तिन्ही पोरे पुढे जगाला माहीत झाली.

भांडणे मात्र टळली नाहीत. पायाभूत वर्ग उभा करणारा योहान्नेस इटेन हा विलक्षण शिक्षक होता. श्वासाचे व्यायाम, उपास, मुंडन, अध्यात्म असे सगळे त्याच्या वर्गात असे. कलावंताने आधी स्वतःचा शोध घ्यावा, बाहेरची कामे घेऊ नयेत असे त्याचे मत. ग्रोपियसला मात्र शाळेने बाहेरच्या जगासाठी, पुढे कारखान्यांसाठी, वस्तू घडवाव्यात असे वाटे. दुसरा एखादा संचालक पहिल्याच वर्षी अशा माणसाला घरी पाठवता. ग्रोपियसने तो वाद बराच काळ उघडपणे चालू दिला, कारण मते निराळी असलेली माणसे एकत्र असावीत हीच त्याची मूळ कल्पना होती. अखेर १९२३ मध्ये इटेन गेला. त्याची जागा लास्लो मोहोली-नॉज आणि आल्बर्स यांनी घेतली, आणि शाळेने यंत्राशी मैत्री केली.

याच काळात बाऊहाउसचे पाऊल आपल्या देशातही पडले. डिसेंबर १९२२ मध्ये कोलकात्यात क्ले, कँडिन्स्की, फायनिंगर, इटेन यांच्या कलाकृती बंगालच्या चित्रकारांच्या कामाशेजारी मांडल्या गेल्या. बाऊहाउसची युरोपभर गाजलेली मोठी प्रदर्शने व्हायची होती, तेव्हा भारताने ही चित्रे पाहिली होती.

१९२३ च्या वायमारच्या प्रदर्शनाच्या वेळी जर्मनीत चलनवाढीने कहर केला होता. थुरिंगियाच्या सरकारला दहा-दहा लाख मार्कांच्या नोटा छापाव्या लागल्या आणि त्यांची मांडणी केली ती हर्बर्ट बायर या बाऊहाउसच्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने. पुढच्या वर्षी उजव्या पक्षांचे सरकार आले आणि शाळेचे पैसे निम्म्यावर आणले. उस्तादांनी एकमुखाने शाळा बंद करीत असल्याचे जाहीर केले. विद्यार्थी त्यांच्या मागे राहिले. इमारत गेली, अनुदान गेले, पण माणसे फुटली नाहीत. पाच-सहा वर्षांच्या त्या रीतीभातींची खरी मिळकत ही होती.

डेसाऊ या औद्योगिक गावाचे महापौर फ्रिट्झ हेस यांनी सर्वांना आसरा दिला. तिथे ४ डिसेंबर १९२६ रोजी बाऊहाउसच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले. ही इमारत म्हणजे सहकार्याचा आराखडाच आहे. कार्यशाळांच्या तीन मजली काचेच्या भिंतीतून कोण काय करतो आहे ते रस्त्यावरूनही दिसे. सभागृह, रंगमंच आणि खानावळ ओळीने ठेवून मधली दारे उघडली की सणासाठी एकच दालन होई. विद्यार्थ्यांसाठी राहण्याच्या २८ खोल्या शेजारीच होत्या. आणि हे काम खरोखर सगळ्यांचे होते. सभागृहातल्या नळीच्या खुर्च्या ब्रॉयरच्या, भिंतींचे रंग हिनर्क शेपरच्या रंगशाळेचे, दिवे धातुशाळेचे, इमारतीवरची अक्षरे बायरची.

डेसाऊत आणखी एक बदल झाला. ब्रॉयर, बायर, आल्बर्स, श्मिट, शेपर आणि विणकामाची गुंटा श्टोल्झल हे सहा जुने विद्यार्थी आता उस्ताद झाले. कलावंत आणि कारागीर दोन्ही त्यांच्यात एकवटले होते. त्यामुळे दोन उस्तादांची रीत ग्रोपियसने बंद केली. तिचे काम झाले होते. आपण घालून दिलेला नियम केव्हा मोडायचा हे कळणारे संचालक थोडे असतात.

इथे चित्राची दुसरी बाजूही पाहायला हवी. शाळा सुरू झाली तेव्हा ग्रोपियसने स्त्री-पुरुष असा भेद होणार नाही असे बजावले होते. मुली मोठ्या संख्येने आल्या. पहिल्या सत्रात त्या मुलांहून अधिक भरल्या. तेव्हा संचालक आणि मंडळ बिचकले. मुलींचे प्रवेश आवळावेत आणि आलेल्यांना विणकाम, कुंभारकाम, पुस्तकबांधणी याकडे वळवावे असे आतल्या आत ठरले. जाहीरपणे कोणी काही बोलले नाही. गंमत अशी की ज्या मागशाळेत त्यांना बसवले, तीच पुढे बाजारात सर्वांत यशस्वी ठरलेल्या कार्यशाळांमध्ये गणली गेली. धातुशाळेत शिरकाव करून घेणाऱ्या मारियान ब्रांटने केलेल्या किटल्या आज संग्रहालयांत आहेत.

दुसरा डाग अधिक खोल आहे. बाऊहाउसच्या इमारती आणि वस्तू जगाला माहीत झाल्या त्या बहुतांशी मोहोली-नॉजची पत्नी लुचिया मोहोली हिच्या छायाचित्रांमुळे. ती स्वतः शाळेच्या नोकरीत नव्हती. १९३३ मध्ये नाझींपासून जीव वाचवण्यासाठी तिला जर्मनी सोडावी लागली आणि काचेच्या पाचशेहून अधिक निगेटिव्ह मागे राहिल्या. त्या ग्रोपियसकडे पोहोचल्या. पुढे अमेरिकेत बाऊहाउसची कीर्ती वाढवणाऱ्या प्रदर्शनांत आणि पुस्तकांत तिची छायाचित्रे तिच्या नावाशिवाय झळकत राहिली. तिकडे लंडनमध्ये पोटासाठी काम शोधणाऱ्या लुचियाकडे दाखवायला स्वतःचेच काम नव्हते. निगेटिव्ह कोणाकडे आहेत हे कळल्यावर तिने वकिलामार्फत दाद मागितली आणि १९५७ मध्ये निम्म्याहून कमी निगेटिव्ह तिच्या हाती आल्या. मिळून काम करण्याचा मंत्र देणाऱ्या माणसाकडून हे घडावे याचे वाईट वाटते. पण ते लपवून त्याचे चरित्र सांगता येणार नाही. सगळ्यांचे काम असे म्हणणे सोपे असते. ज्याचे नाव आधीच मोठे असते, त्याच्याकडेच मग ते सगळ्यांचे काम हळूहळू जमा होते.

१९२८ मध्ये ग्रोपियस बाऊहाउसमधून बाहेर पडला. त्याच्यानंतर हान्नेस मायर आणि मग मीस व्हान डेर रोहे संचालक झाले. १९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली बाऊहाउस कायमचे बंद झाले. पुढच्या वर्षी ग्रोपियस पत्नी इझे हिच्यासह इंग्लंडला गेला आणि १९३७ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वास्तुकला शिकवू लागला.

तिथे १९४५ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्याने पुन्हा एक डाव मांडला. सात तरुण वास्तुशिल्पींबरोबर त्याने भागीदारीत कचेरी काढली. या सातांत जीन फ्लेचर आणि सारा हार्कनेस या दोन स्त्रिया होत्या, आणि त्या बरोबरीच्या भागीदार होत्या. जगप्रसिद्ध माणूस भागीदार असताना दारावर त्याचे नाव लागणार असेच कोणीही धरून चालले असते. पाटी लागली ती ‘द आर्किटेक्ट्स कोलॅबोरेटिव्ह’ अशी. त्यात कोणाचेच नाव नव्हते.

कामाची पद्धतही नीट विचार करून ठरवलेली होती. दर आठवड्याला भागीदार एकत्र बसत. प्रत्येक काम टेबलावर यायचे आणि त्यावर सर्वांनी मोकळेपणाने टीका करायची. ग्रोपियसच्या कामालाही सूट नव्हती. पण टीका ऐकल्यावर शेवटचा निर्णय मात्र त्या कामाची जबाबदारी घेतलेल्या भागीदाराचाच. बहुमताने भिंत कुठे घालायची ते ठरत नसे. दहा जणांच्या मताने केलेले डिझाइन कोणाचेच राहत नाही, आणि कोणाचेच न ऐकता केलेले डिझाइन आंधळे होते. या दोहोंमधली वाट त्यांना सापडली होती. हार्वर्डचे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे वसतिगृह हे त्यांचे पहिले मोठे काम १९५० मध्ये पुरे झाले. या कचेरीची सगळीच कामे थोर होती असे नाही. ग्रोपियसचा हात लागलेल्या न्यूयॉर्कच्या पॅन अ‍ॅम इमारतीवर तर टीकेची झोड उठली. पण ही कचेरी तिच्या सर्वांत प्रसिद्ध भागीदाराच्या मृत्यूनंतरही पंचवीस वर्षांहून अधिक चालली आणि १९९५ मध्ये बंद झाली. नावावर चालणाऱ्या कचेऱ्यांना हे भाग्य क्वचितच लाभते.

हार्वर्डमध्ये ग्रोपियसच्या हाताखाली शिकलेल्यांत एक कोकणी माणूसही होता. आचऱ्याचे अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे. मधून शिकून १९४५ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर तिकडे गेले. परतल्यावर त्यांनी १९५५ मध्ये शौकत राय यांच्याबरोबर भागीदारीत कचेरी काढली. अहमदाबादची अटिरा, कानपूरची आयआयटी, मेहसाण्याची दूधसागर डेअरी या वास्तू त्यांच्या कामाची साक्ष देतात. दुसरा धागा जर्मनीतल्या उल्म गावातून येतो. बाऊहाउसचा विद्यार्थी माक्स बिल याने तिथे डिझाइनची शाळा उभारली आणि १९५५ मध्ये तिच्या वास्तूच्या उद्घाटनाला ग्रोपियस हजर होता. त्या शाळेत शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत सुरू झालेल्या औद्योगिक डिझाइन केंद्राच्या उभारणीत अग्रभागी होते.

त्याच वर्षी, ५ जुलै १९६९ रोजी, बोस्टनमध्ये ग्रोपियसने डोळे मिटले. १९३३ मध्येच त्याने आपल्या मृत्यूनंतर काय करावे ते लिहून ठेवले होते. कोणी सुतक पाळू नये, भाषणे करू नयेत. मित्रांनी जमावे आणि बाऊहाउसच्या सणांसारखे खावे, प्यावे, हसावे, अशी त्याची इच्छा होती. ती नंतर सहकाऱ्यांनी पुरी केली.

आज आपल्या शहरांत डिझाइनच्या कचेऱ्या गल्लोगल्ली झाल्या आहेत. तिथे तरुण मुलेमुली रात्ररात्र जागून काम करतात आणि सकाळी त्यावर साहेबांची सही होते. ग्रोपियसचे चरित्र अशा साहेबांनीही वाचावे आणि त्या मुलांनीही. मिळून काम करायचे तर पायाभूत वर्ग हवा, उघडी टीका हवी, एकत्र जेवण हवे, आणि शेवटचा निर्णय कोणाचा ते स्पष्ट हवे. हे सगळे त्याने करून दाखवले. राहिलेली एक गोष्ट त्याच्या चुकांनी शिकवली. प्रत्येक कामाखाली ते करणाऱ्या सगळ्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. नंतर ती शोधायला वकील लागतो.